सोलापुरात पहिल्यांदाच मैफलीला जाताय? आधी जागा बघा, मग शेजारी

गाणं कळलं नाही म्हणून मैफलीला जायचं सोडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सोडलेले भेटतात ते वेगळ्याच कारणानं. मागच्या खुर्चीतला फोनवर प्लॉटचा सौदा करत होता, पुढच्यानं मोबाईल डोक्यावर धरून सगळा कार्यक्रम शूट केला, बाजूच्या काकांनी प्रत्येक ओळ गायकाच्या आधी म्हणून दाखवली. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, पण पुढच्या वेळी कुणी चल म्हटलं की "टीव्हीवर बघू की" हे उत्तर तयार असतं.

हा लेख अशांसाठी आहे, आणि ज्यांनी अजून एकही मैफल समोर बसून ऐकलेली नाही त्यांच्यासाठीही. राग कसा ओळखायचा ते यात सापडणार नाही. कधी पोचायचं, कुठं बसायचं, दाद कधी द्यायची आणि शेजारचा त्रास द्यायला लागला तर त्याला नेमकं काय म्हणायचं, एवढंच आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्रास देणाऱ्यांतले बहुतेक जण मुद्दाम देत नाहीत. आपलं बोलणं तीन रांगा पलीकडं ऐकू जातंय हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय सोलापूर केवढंही पसरलं तरी आज ज्याच्याशी भांडाल तो आठ दिवसांत नवी पेठेत नाहीतर कुणाच्या तरी साखरपुड्यात समोर उभा राहणार. म्हणून सांगायचं ते लवकर, हळू आवाजात आणि एकदाच. आणि सांगायची वेळच कमी यावी असं वाटत असेल तर सगळी अक्कल जागा निवडताना वापरायची.

कार्यक्रम कसला आहे ते आधी विचारा

ख्यालगायन, सतार, सरोद, बासरी असेल तर कुजबुजसुद्धा खपत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो, त्यात गायक एकेका सुरावर थांबतो, आणि त्या थांबण्यात कुणी चिवड्याचं पुडकं फोडलं तर ते अख्ख्या सभागृहाला ऐकू येतं. नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग यांना जरा सैल वातावरण असतं. गाणं चालू असताना गप्प, संपल्यावर टाळ्या, आणि नाट्यपद रंगलं तर "वन्स मोअर" हा प्रेक्षकांचा जुना हक्क आहे. तो कुणी बजावला तर नाक मुरडू नका.

कव्वाली आणि मुशायऱ्याचं गणित उलटं. तिथं आवाज हीच दाद. शेर आवडला की "मुकर्रर, मुकर्रर" म्हणून तो पुन्हा म्हणायला लावतात, चार कोपऱ्यांतून "वाह" येते, आणि शायर घाबरतो तो गप्प बसलेल्या सभेला. पहिल्यांदा गेलेला माणूस "काय गोंगाट आहे" म्हणून वैतागतो, पण ती तिथली रीत आहे.

मैदानातली भीमगीतं, मंडळाचा गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा इथं लोक नाचणार, शिट्ट्या मारणार, पोरं स्टेजच्या पायऱ्यांवर जाऊन बसणार. तो कार्यक्रमच त्यांचा असतो. तिथं जाऊन शांततेची अपेक्षा धरली तर त्रासदायक प्रेक्षक आपणच ठरतो.

दिवाळी पहाटेचं मात्र कुठल्याच खान्यात बसत नाही. गाणं शांत बसून ऐकायचं असतं आणि गर्दी जत्रेची. निम्मे लोक नवे कपडे घालून एकमेकांना भेटायला आलेले असतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण निवांत ऐकायची पहिलीच वेळ असेल तर दिवाळी पहाटेपासून सुरुवात करू नका.

तिकीट, पास, वेळ

जाहिरातीत ठिकाणं बहुधा ठरलेली: हुतात्मा स्मृती मंदिर, शिवछत्रपती रंगभवन, डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह, हिराचंद नेमचंद वाचनालयाचं ॲम्फी थिएटर. "विनामूल्य प्रवेशिका" असं छापलं असेल तर ती आधी जाऊन घ्यावी लागते, आणि प्रवेशिका म्हणजे खुर्ची नव्हे. हातात पास असूनही दाराशी उभं राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

छापलेली वेळ साडेसहा असेल तर गाणं साडेसहाला सुरू होईल असं धरू नका. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, फेटा, प्रायोजकांचं मनोगत, पुन्हा शाल. तरीही सहालाच पोचा. कारण जागा, आणि दुसरं कारण म्हणजे सत्काराचा तो अर्धा तास फार कामाचा असतो. शेजारी कोण आहे, मागं कोण आहे, पंखा कुठं आहे, साउंडचा माणूस कुठं बसलाय, हे सगळं तेव्हा बघून होतं. हवी तर जागा बदलताही येते.

जानेवारीत पार्क चौकाच्या बाजूला जायचं असेल तर तारीख तपासा. १२ जानेवारी हा हुतात्मा दिन. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं, आणि स्मृती मंदिराला नाव त्यांच्यावरूनच आहे. त्याच आठवड्यात संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरलेला, शोभेच्या दारूकामाला लोटलेली गर्दी. गाडी लांब लावून चालत जायची तयारी ठेवा.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला अजून एक हिशेब असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवता येते, बाकी दिवशी दहा म्हणजे दहा. त्यामुळं गाजलेली गाणी साडेनवाच्या आसपास घाईघाईनं उरकली जातात. "जेवून सावकाश जाऊ" म्हणणाऱ्याच्या वाट्याला आभारप्रदर्शन येतं.

जागा कुठली धरायची

नंबरची तिकिटं असतील तर प्रश्न सोपा, तोही वरवर. आपल्या खुर्चीवर कुणी बसलेलं असेल तर "उठा" म्हणू नका, दोघांची तिकिटं शेजारी शेजारी धरा. बहुतेक वेळा कुणीतरी "जी" आणि "जे" रांगेत घोळ घातलेला असतो, नाहीतर तिकीट बाल्कनीचं असतं. तरी सुटलं नाही तर डोअरकीपरला बोलवा आणि त्याला बोलू द्या. हे त्याचं रोजचं काम आहे, तो तुमच्यापेक्षा गोड बोलतो.

नंबर नसतील तर खरी कसोटी. पहिल्या दोन-तीन रांगा निमंत्रितांसाठी राखीव असतात, आणि नवखा माणूस उत्साहानं त्यांच्या लगेच मागं जाऊन बसतो. तिथं बसू नका. पाहुणे उशिरा येतात, सत्कार झाला की निघतात, त्यांच्यामागं फोटोग्राफर उभा राहतो, आणि फेटा बांधलेले सत्कारमूर्ती नेमके तुमच्या पुढं आले तर तबलजी दिसणं संपलंच. दाराजवळच्या खुर्च्याही टाळा. दर पाच मिनिटांनी उजेडाची पट्टी आत येते आणि तिच्यामागून चपलांचा आवाज. शेवटच्या रांगा म्हणजे गप्पांचा कट्टा. तिथं बसलेल्यांना गाण्यापेक्षा सावली आणि पंखा हवा असतो, तो त्यांना घेऊ द्या.

मधोमध, मागच्या बाजूला जिथं साउंडवाला आपलं टेबल मांडून बसलेला असतो, त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगा सगळ्यात चांगल्या. तो आवाज कमीजास्त करतो ते स्वतःच्या कानाला तिथं काय ऐकू येतं त्यावरून, म्हणजे त्याच्या जवळ बसलं की त्याला हवा तोच आवाज तुम्हालाही मिळतो. आणि रांगेच्या मध्यात सापडलेला माणूस सारखा उठून बाहेर जाऊ शकत नाही. शेजाऱ्यांची ये-जा आपोआप कमी होते.

स्पीकरच्या तोंडासमोर कधीच बसू नका, लहान मूल बरोबर असेल तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी आवाजाची मर्यादा सांगितली आहे: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. मैदानातल्या ऑर्केस्ट्राचे स्पीकरचे डबे ही मर्यादा वाचून लावलेले नसतात. औषधाच्या दुकानात कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते खिशात असू द्या. आवाज कमी होतो, गाणं तरी ऐकू येतं.

बसायच्या आधी मिनिटभर उभं राहून रांगा बघा. आठ-दहा जणांचा ऑफिसचा नाहीतर भिशीचा ग्रुप हसत-खिदळत बसलेला दिसला तर दोन रांगा सोडून बसा. त्यांचा काही दोष नाही, ते सहलीला आलेत. एकटाच आलेला, फोन खिशात घातलेला, तानपुरा जुळतानाच डोळे मिटलेला म्हातारा दिसला की त्याच्या शेजारची खुर्ची पकडायची. तो बोलणार नाही, आणि दाद कधी द्यायची तेही त्याच्याकडं बघून कळेल.

खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरणं आपण एसटीत शिकलो आणि ते सभागृहात घेऊन आलो. दीपप्रज्वलनापर्यंत ते चालवून घ्यावं, कुणाची आई रिक्षात अडकलेली असते. पण मुख्य कलाकार बसला, स्वर लागला, तरी चार खुर्च्यांवर रुमालच असतील तर "कुणी येणार आहे का अजून?" एवढं विचारून बसून घ्या. कुणी हरकत घेत नाही.

सतरंजीवरची बैठक असेल तर भिंतीला टेकायची जागा सोन्याच्या भावाची, ती लवकर आलेल्याला मिळते. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता मागच्या खुर्च्यांवर जा. मध्येच पाय पसरून स्टेजकडं तळवे करून बसण्यापेक्षा ते बरं. मैदानात जुनी चादर न्या, सोलापुरात ती प्रत्येक घरात निघतेच, पण चार माणसांसाठी दहा माणसांची जागा अंथरू नका. डिसेंबरात तीच रात्री अंगावर घ्यायला होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि संध्याकाळी जमीनसुद्धा गरम लागते, तेव्हा चादर नसली तरी चालेल, पाण्याची बाटली पाहिजेच.

आपल्यापासून

फोन व्हायब्रेटवर नको, बंद करा नाहीतर फ्लाइट मोडवर टाका. खुर्चीच्या फळीवर ठेवलेला फोन थरथरला की घूं-घूं दोन्ही बाजूंना जाते. खरंच फोन येणार असेल, घरात कुणी आजारी असेल, तर मधली जागा सोडा आणि दाराजवळ बसा.

पोटात काहीतरी टाकून जा. तंबाखूचा मावा तोंडात धरून बसू नका, तासाभरात थुंकायला उठावं लागतं आणि अख्ख्या रांगेचे पाय मोडतात. खोकला असेल तर खडीसाखर ठेवा, पण कागदातून आधीच काढून. अत्तर बेतानं लावा. बंद सभागृहात ते तुमच्या शेजाऱ्याला तीन तास हुंगावं लागतं.

दाद कधी द्यायची

नवख्यांना याचीच भीती जास्त असते, आणि ती विनाकारण आहे. सुरुवातीला कलाकार तानपुरा जुळवतो, तबलजी हातोडीनं तबला सुरात आणतो. हे गाणं नव्हे, पण तेव्हाही गप्प बसायचं असतं, कारण त्यांना स्वतःचे सूर ऐकू यायला हवेत. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी कार्यक्रम झाला तेव्हा रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्यं जुळवून थांबले, आणि हजारोंनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकरांनी हसून सांगितलं. तेव्हा टाळी चुकली म्हणून लाज वाटून घ्यायचं कारण नाही. तिथं तर सगळ्यांचीच चुकली होती.

आलापीत, म्हणजे ताल सुरू व्हायच्या आधीच्या संथ विस्तारात, टाळ्या नकोत. ताल सुरू झाला की समेकडं लक्ष ठेवा. तीनताल १६ मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा असतो; हातावर ताल मोजताना टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर येते, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. मोजता आलं नाही तरी काही बिघडत नाही. लांब तान, म्हणजे सुरांची भरभर लड, घेऊन गायक आणि तबलजी एकाच क्षणी टेकतात, दोघांचीही मान हलते, ती सम. तिथं "वा" म्हणा, पुटपुटल्यासारखं म्हणा. तान अर्ध्यावर असताना मोठ्यानं "क्या बात है" म्हणणारा दाद देत नसतो, हजेरी लावत असतो. मांडीवर बोटांनी ताल धरायला हरकत नाही, फक्त आवाज होऊ देऊ नका. आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर धरू नका, तिथं दुसऱ्याची पाठ असते.

फर्माईश ओरडून करायची नसते. चिठ्ठी लिहून मध्यंतरात आयोजकांकडं द्या. ख्याल गाणाऱ्याला सिनेमातलं गाणं मागू नका. काही कलाकार हसून सोडून देतात, काही देत नाहीत. ख्यालगायिका किशोरीताई आमोणकरांचा याबाबतीतला दरारा तर प्रसिद्धच होता, सभागृहात गडबड असेल तर त्या सरळ श्रोत्यांना सुनावत.

शेजाऱ्याला सांगायचं कसं

पहिल्या दहा मिनिटांत सांगा. तासभर दात-ओठ खात बसून मग बोललात तर त्या तासाचा सगळा राग एका वाक्यात बाहेर पडतो आणि समोरच्याला कळतच नाही की हा एवढा का भडकला.

कधी बोलायचं तेही ठरलेलं आहे. सूर चालू असताना नाही. टाळ्या वाजत असतात तेव्हा, तबला पुन्हा जुळवतात तेव्हा, नाहीतर निवेदक बोलत असतो तेव्हा. या फटी दर थोड्या वेळानं येतात.

आधी नुसतं वळून बघा, डोळे न वटारता. निम्मी माणसं तेवढ्यावर थांबतात. मग ओठांवर बोट. सभागृहात कुणी मराठीत कुजबुजत असतो, कुणी तेलुगूत, कुणी कन्नड नाहीतर उर्दूत, बोट सगळ्यांना कळतं. त्यानंतरही चालूच राहिलं तर जवळ वाकून एक वाक्य, आणि त्यात चूक त्याची न काढता अडचण आपली सांगायची. "काका, जरा हळू बोलता का? मला पुढचं ऐकू येईना झालंय." नातं जोडून बोला: काका, मावशी, ताई, दादा. समवयस्क असेल तर "मालक" आहेच. मित्रच असेल तर "गप की बे" एवढं पुरतं.

"शूऽऽ" मात्र करू नका. एकानं केलं की चार जण करतात आणि मूळ कुजबुजीपेक्षा त्या फुसकारण्याचाच आवाज जास्त होतो.

आता नमुने. फोनवर बोलणारा सगळ्यात सोपा, कारण त्याला स्वतःलाच ओशाळं वाटत असतं. "हां, कार्यक्रमात आहे, बोल, बोल की" असं तो म्हणतो, हात तोंडावर धरतो आणि आवाज तेवढाच ठेवतो. हातानं दाराकडं खूण करा आणि त्याला जाता यावं म्हणून तुम्ही स्वतः पाय बाजूला घ्या. वाट दिली की माणूस उठतो.

मोबाईल वर धरून शूट करणाऱ्याला "बंद करा" म्हटलं तर तो वाद घालेल. "मालक, जरा खाली धरता का, स्टेज दिसेना झालंय" म्हटलं तर हात खाली आणेल. स्वतःपुरतं रेकॉर्डिंग करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण कलाकाराला न विचारता ते यूट्यूबवर नाहीतर फेसबुकवर चढवायला नाही. आयोजकांनी रेकॉर्डिंग करू नका असं सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला, स्वयंसेवकाला सांगा. अंधारात व्हॉट्सॲप उघडून बसलेल्याचा उजेडही डोळ्यावर येतो, त्याला "उजेड कमी करता का" एवढं पुरतं.

गुणगुणणाऱ्या काकांचं अवघड आहे. त्यांना ते गाणं पाठ असतं, कदाचित तुमच्या जन्माच्या आधीपासून, आणि आपण मोठ्यानं गातोय हे त्यांच्या लक्षात येत नाही. भावगीतांच्या कार्यक्रमात मी तरी त्यांना काही म्हणत नाही. ख्यालात म्हणतो, तेही मध्यंतरात, आणि आधी त्यांना चहा विचारून. "काका, तुम्हाला सगळं पाठ आहे की हो. मी मात्र पहिल्यांदा ऐकतोय, जरा एकट्या बुवांचं ऐकू द्या." हसतात. उत्तरार्धात निदान पहिली दहा मिनिटं तरी गप्प असतात.

जाणकार हा त्याच्याहून बेरका. तो शेजारणीला राग समजावून सांगत असतो, आणि छातीठोकपणे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्हींचे सूर तेच, वेगळी असते ती चाल आणि कुठल्या सुरावर थांबायचं ते. त्यामुळं भल्याभल्यांची गल्लत होते, आणि मोठ्यानं सांगणाऱ्याची तर हमखास. तुम्ही नवखे असलात तर हाच तुमचा फायदा. "मला पण शिकायचंय, मध्यंतरात सांगाल का सगळं?" असं विचारा. तो आनंदानं थांबतो, आणि मध्यंतरात तुम्हाला खरंच दोन गोष्टी कळतात.

लहान मूल रडत असेल तर आईकडं रागानं बघू नका. तिला सगळं ऐकू येतंय, आणि रांगेच्या मध्यात अडकल्यामुळं ती अर्धमेली झालेली असते. तुमची खुर्ची कडेला असेल तर "ताई, इथं बसा, उठायला सोपं पडेल" म्हणून जागा बदलून द्या. याहून चांगला उपाय अजून निघालेला नाही. बापाला मात्र हळूच सांगायला हरकत नाही की पोराला जरा बाहेर फिरवून आणा.

सगळं नीट बोलूनही कुणीतरी भडकतोच. "तू काय मालक हैस काय बे हितला?" असं ऐकू आलं तर "नाही हो, तुमच्यासारखाच तिकीट काढून आलोय" म्हणा आणि पुढं बघा. दुसरं वाक्य बोलू नका. दुसऱ्या वाक्यापासून भांडण सुरू होतं, आणि मग आजूबाजूच्यांना त्रास देणारे तुम्ही दोघं होता.

सांगून भागत नाही तेव्हा

छातीला बिल्ला लावलेला स्वयंसेवक शोधा. मोठ्या गटाला एकट्यानं सांगायला जाऊ नका, आयोजकांच्या माणसाला सांगू द्या, नाहीतर निवेदकाकडं चिठ्ठी पाठवा. "मोबाईल बंद ठेवावेत" ही सूचना त्यानं माईकवरून पुन्हा केली की कुणालाच आपल्याला उद्देशून म्हटलं असं वाटत नाही. माईक शिट्टी मारत असेल किंवा तबला गायकाला खाऊन टाकत असेल, तर तेही स्वयंसेवकालाच सांगा. साउंडवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून सूचना करणारे प्रत्येक कार्यक्रमाला दहा असतात, तो कुणाचंच ऐकत नाही.

जागा बदलायची तर मध्यंतरात. आपण का हलायचं, असं मनात येतं, पण गाणं ऐकायला आला आहात, न्याय मिळवायला नाही.

मैदानात कुणी दारू पिऊन आला असेल तर त्याच्याशी बोलूच नका, लांब जा आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला दाखवा. आणि कुणी अंगचटीला येत असेल, मुद्दाम धक्के देत असेल, तर वरचे हळू आवाजाचे सगळे नियम रद्द. लगेच उठा, मोठ्यानं बोला, गाणं थांबलं तरी चालेल. स्वयंसेवक येतील, नाही आले तर ११२ ला फोन लावा. आजूबाजूला बसलेल्यांनीही अशा वेळी स्टेजकडं बघत बसू नये.

निघताना

मैफल भैरवीनं संपते. राग सकाळचा, पण शेवट त्याचाच, मग रात्रीचे दहा का वाजेनात. भैरवीचे पहिले सूर आले की निम्मं सभागृह गाडीच्या किल्ल्या काढतं. तुम्हाला खरंच लवकर जायचं असेल तर भैरवीच्या आधीच्या टाळ्यांत उठा. एकदा ती सुरू झाली की बसून राहा. कसलेला गायक शेवटच्या त्या दहा मिनिटांसाठी काहीतरी राखून ठेवतो, आणि पार्किंगमधून बाहेर पडायला तेवढाच वेळ तसाही लागतो.

टाळ्या संपल्यावरही घाई नको. गर्दी ओसरेपर्यंत आयोजकांपैकी कुणीतरी दाराशी भेटतं. राखीव रांगा रिकाम्या राहिल्या, मागं आवाज पोचला नाही, दार सारखं वाजत होतं, जे काही असेल ते त्यांना तिथंच सांगा. त्यांनाही ते हवं असतं, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या प्रवेशिका कधी आणि कुठल्या दुकानात मिळणार तेही लगेच विचारून घ्या, नंतर जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला तर तो सहसा कुणी उचलत नाही.